काही विशेष नाही

जुन्या कॉमिक्सच्या बाजारात त्याला सगळे ‘मख्ख’ म्हणत. त्याला त्याचा राग नव्हता. उलट पदवी मिळाल्यासारखा तो ते नाव मिरवायचा. एरवी तो चष्म्याच्या दुकानात मागच्या टेबलाशी बसून फ्रेममध्ये काचा बसवायचा. सुटीच्या दिवशी मात्र कापडी पिशवी खांद्याला अडकवून रद्दीची दुकानं, जुन्या सामानाचे बाजार, घर रिकामं करायला काढलेल्यांचे जिने पालथे घालायचा. शोध एकाच गोष्टीचा: सुपरहिरोंची जुनी कॉमिक्स, आणि तीही ज्यांची किंमत विकणाऱ्याला ठाऊक नाही अशी.

या धंद्याचं गणित फार अवघड नाही. एखादा हिरो किंवा खलनायक ज्या अंकात पहिल्यांदा दिसला, तो अंक मोलाचा. पुढेमागे त्या पात्रावर सिनेमा निघाला की अंकाचा भाव गगनाला भिडतो. अडचण एवढीच की सगळे मुखपृष्ठं बघतात, आणि मोठमोठी पात्रं कधीकधी मागच्या दाराने आत आलेली असतात. शेवटच्या पानावर, कोपऱ्यातल्या चौकटीत, नावसुद्धा न सांगता. मख्ख शेवटचं पान आधी बघायचा. मग अंक उजेडात तिरका धरून मुखपृष्ठावरच्या सुरकुत्या, पिनांचा गंज, मधलं पान जागेवर आहे की नाही, कुणा उत्साही पोराने बक्षिसाचं कूपन कापून पाठवलंय का, हे सगळं बोलता बोलता तपासून घ्यायचा.

पण त्याचं खरं भांडवल होतं चेहरा. हातात घबाड आलं की भल्याभल्यांच्या भुवया हलतात, आवाज बदलतो, निदान श्वास तरी अडकतो. मख्खचा चेहरा बसची वाट बघणाऱ्या माणसासारखा व्हायचा. दोन पानं उलटायची, खालचा ओठ जरासा पुढे काढायचा, अंक परत गठ्ठ्यावर ठेवायचा आणि म्हणायचं, “काही विशेष नाही.” मग जायला निघायचं. विकणारा स्वतःच म्हणायचा, अहो, सगळा गठ्ठाच घेऊन जा, तेवढीच माळ्यावर जागा होईल. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने तर असा गठ्ठा देऊन वर त्याला सरबत पाजलं होतं आणि जड झाला तर म्हणून खालपर्यंत धरूही लागला होता. त्यातल्या एका अंकावर मख्खच्या घरात वॉशिंग मशीन आलं. ही चोरी नव्हे. मागितलेली किंमत त्याने मोजली होती, एखादा रुपया जास्तच. तरीपण तो त्या ड्रायव्हरच्या गल्लीतून पुन्हा कधी गेला नाही, हेही तितकंच खरं.

हे सगळं वेड त्याला लावलं ते दाजींनी. आई गेली तेव्हा तो शाळेत होता, आणि नुकतंच लग्न झालेल्या ताईने त्याला आपल्या दोन खोल्यांत आणून ठेवलं. नव्या संसारात मेव्हणा येऊन पडला म्हणून दाजींनी कधी तोंड वाकडं केलं नाही. ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होते, दारोदार फिरून मीटर वाचायचे. पगार बेताचा, बोलणं त्याहून बेताचं. त्यांच्या खाटेखाली एक पत्र्याची पेटी होती आणि त्या पेटीत सुपरहिरोंची कॉमिक्स. वाचायच्या आधी हात धुवायचे, नुसते धुवायचे नाहीत, कोरडे करून दाखवायचे. पान उलटताना कोपऱ्यातून उचलायचं, मधून नाही. वाचून झालं की प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि अंकाची पाठ वाकू नये म्हणून त्याच्यामागे एक पुठ्ठा.

हे पुठ्ठे ताईने आणलेले. ती लॉन्ड्रीत इस्त्रीला होती. शर्टाची घडी ताठ राहावी म्हणून आत घालतात ते पुठ्ठे, कोपऱ्यात लॉन्ड्रीचा निळा शिक्का असलेले. चुरगळलेले, डाग पडलेले टाकून द्यायचे असत. ती त्यातले बरे निवडून घरी आणायची. आणि आणून देताना भांडायची. गादीतून कापूस बाहेर आलाय आणि ह्यांना उडणारी माणसं सांभाळायची आहेत, असं म्हणत म्हणत पुठ्ठे मापात कापूनही द्यायची. दाजी ऐकून घ्यायचे. फारच झालं तर एकच वाक्य बोलायचे: “माझ्यामागे हीच पेटी तुला या घरातून हलू देणार नाही.” पुढे हे वाक्य घरात थट्टेचं झालं. दूध उतू गेलं तरी ताई म्हणायची, असू दे, पेटी आहे ना आपल्याकडे.

मेव्हणा मोठा झाला, नोकरीला लागला, वेगळा राहू लागला, आणि कॉमिक्स विकू लागला. दाजींना ते रुचलं नाही. तू वाचायचा थांबलास, एवढंच ते एकदा म्हणाले. भांडण झालं नाही, पण त्यानंतर मख्खने पेटी उघडायला मागितली नाही आणि दाजींनीही ती खाटेखालून बाहेर ओढली नाही. तो आला की दोघं हवापाण्याबद्दल बोलत.

दाजी गेले आणि काही महिन्यांनी ताईने त्याला बोलावून घेतलं. तिची मनगटं कामातून गेली होती. इस्त्री उचलली की हातातून कळ निघायची. लॉन्ड्रीच्या मालकाने तिला घड्या घालायच्या कामावर ठेवलं होतं आणि पगार त्या मानाने उतरवला होता. त्यात घरभाडं वाढलेलं. तिची मुलगी, म्हणजे मख्खची भाची, आई आमच्याकडेच ये म्हणून मागे लागली होती.

“पोरगी चांगली आहे, जावई चांगला आहे,” ताई म्हणाली. “पण मीठ कुठे ठेवलंय, हे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात विचारत बसायचं माझं वय राहिलं नाही. तू एवढंच बघ, छोट्या, ह्यांचं म्हणणं खरं होतं का. खरं असेल तर मी राहते. नसेल तर घरमालकाला कळवून टाकते.”

तिने स्वतःच पेटी ओढली. कुलपाची किल्ली तिच्या पदराला होती. मख्खने हात धुतले, पुसले, आणि जमिनीवर मांडी घालून बसला. वरचे अंक साधे होते; सगळ्यांकडे असतात तसले. त्याखाली लागला ‘लोहपंख’. लोखंडी पंखांचा एक रडका हिरो, जो दर अंकात आधी आपटायचा आणि मग भाषण द्यायचा. डझनभर अंकांत मालिका बंद पडली होती. लहानपणी मख्खने पहिला अंक अर्धा वाचून बाजूला टाकला होता. दाजींनी मात्र, घेतलंय तर पूर्ण घ्यायचं, या शिस्तीने सगळे अंक घेतलेले.

सातवा अंक हातात आला. त्याने सवयीने शेवटचं पान उघडलं. खालच्या कोपऱ्यात, पेटत्या गोदामासमोर, एक बाई पाठमोरी उभी होती. राखेच्या रंगाचे केस, हातात काही नाही, तोंडी संवाद नाही. ही राखराणी. पुढे दुसऱ्याच मालिकेत जाऊन जिने भलेभले हिरो लोळवले, जिच्यावर सिनेमा निघतोय म्हणून गेलं वर्षभर बाजार वेडा झाला होता, ती. लोक तिच्या नव्या मालिकेचा पहिला अंक वाटेल त्या भावाने घेत होते. ती त्याआधी ‘लोहपंख’च्या सातव्यात पाठमोरी येऊन गेली आहे, हे जाणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनाही अंक मिळत नव्हता, कारण ‘लोहपंख’ जपून ठेवण्याइतका खुळा माणूस कुणी नव्हताच. दाजींशिवाय. आणि अंक असा कोरा, की पिना अजून चमकत होत्या. ताईचं कित्येक वर्षांचं भाडं त्या एका कोपऱ्यात उभं होतं.

मख्खच्या छातीत धडधडू लागलं. आणि धडधडू लागलं म्हणूनच चेहरा आपोआप थंड झाला. त्याने दोन पानं उलटली. खालचा ओठ पुढे आला. अंक गठ्ठ्यावर परत गेला.

“काही विशेष नाही,” तो म्हणाला.

सवय म्हणा, लबाडी म्हणा. पुढे त्याने स्वतःला पन्नास वेळा सांगितलं की ती सवयच होती, आणि ते बऱ्याच अंशी खरं होतं. पण शब्द तोंडातून निघाल्यावर ते परत घ्यायला एक क्षण मिळतो, तोही त्याला मिळाला होता. त्या क्षणात तो आकडेमोड करत होता.

ताईने गठ्ठ्याकडे पाहिलं. मग तिने हसल्यासारखं केलं.

“म्हणजे मी म्हणत होते तेच खरं,” ती म्हणाली. “रद्दी सांभाळली ह्यांनी जन्मभर. मला आपलं वाटायचं, एवढ्या शांतपणे बोलतात म्हणजे काहीतरी असेल. तूच घेऊन जा ही सगळी.”

“राहू दे,” मख्ख घाईने म्हणाला. “बघू नंतर.”

अंक तिथेच ठेवून तो जिना उतरला. हा आपला प्रामाणिकपणा, असं त्याला खाली पोचेपर्यंत वाटत होतं.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस त्याचे वाईट गेले. आधी त्याने ठरवलं, एका जाणकाराला विचारून पक्की खात्री करू आणि मग ताईला आनंदाची बातमी देऊ. खात्री दुसऱ्याच दिवशी झाली. मग फोन हातात घेतला की शब्द फुटेनात. काय सांगायचं? चुकलो? त्याची नजर चुकत नाही, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. आपला भाऊ लांबून बघून अंक ओळखतो हे ती लॉन्ड्रीत सगळ्यांना सांगायची. म्हणजे मग खोटं बोललो, असंच सांगावं लागणार. जिने परीक्षेच्या दिवशी त्याच्या शर्टाला इस्त्री करून तो गरम असतानाच त्याला घातला होता, तिच्याशी. रविवारी जाऊन समोरासमोर बोलू, असं तो म्हणे. रविवार आला की फ्रेमचं तातडीचं काम निघे. काम नसेल तर तो ते काढी. दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात त्याने डावी काच उजवीकडे बसवली. मालकाने विचारलं, बरं नाही का? तो म्हणाला, काही विशेष नाही, आणि स्वतःच्याच तोंडून ते ऐकून त्याच्या अंगावर काटा आला.

मग एका सकाळी रद्दीवाल्याचा फोन आला. ताईच्या घरापासून दोन गल्ल्या टाकून त्याचं दुकान. मख्खचे असे रद्दीवाले गावभर होते. कॉमिक्स आली की त्यांनी गठ्ठा वेगळा ठेवायचा, त्याला कळवायचं आणि त्याने वजनावर थोडे जास्त द्यायचे. हा तर त्याचा सगळ्यांत जुना. चांगला माल आलाय, लवकर या, असा निरोप. मख्ख काम टाकून गेला.

गठ्ठा काट्याजवळच ठेवला होता, सुतळीने करकचून बांधलेला. वरचा अंक ओळखीचा वाटला. अशी कॉमिक्स सगळीकडे असतात, असं त्याने मनाशी म्हटलं, किंवा तसं म्हणायचं ठरवलं. त्याने गठ्ठ्याच्या कडा अंगठ्याने फिरवल्या, ओठ पुढे काढला आणि सवयीने म्हणाला, “काही विशेष नाही. बरीच ओली दिसतात.” ओली नव्हती. रद्दीवाल्याने थोडी कुरकुर केली आणि भाव उतरवला. मख्खने पैसे दिले, गठ्ठा काखेत मारला आणि वळला, तेव्हा त्याला कोपऱ्यात दुसरा ढीग दिसला. पुठ्ठ्यांचा. एकाच मापात कापलेले पुठ्ठे, प्रत्येकाच्या कोपऱ्यात निळा शिक्का.

त्याने वाकून एक पुठ्ठा उचलला.

रद्दीवाला आपला सांगत होता. पुठ्ठा वेगळा जातो, प्लॅस्टिक वेगळं जातं, म्हणून सगळं सोडवून घेतलं, अर्धा दिवस मोडला. एक बाई आली होती, वयस्कर, हाताला पट्टी बांधलेली. हातगाडीवर पेटी घालून स्वतः बरोबर चालत आली. पैसेही मोजून घेतले नाहीत तिने.

“दोनदा विचारलं मला,” रद्दीवाला म्हणाला. “यात खरंच काही नाही ना? मी म्हटलं, बाई, रद्दी ती रद्दी. तर म्हणाली, माझा भाऊ पण तेच म्हणाला.”

मख्ख रस्त्यावर आला आणि बंद दुकानाच्या पायरीवर बसला. त्याने सुतळी सोडली. सातवा अंक मधेच होता. पण सुतळी कडांत घुसली होती. मुखपृष्ठाच्या दोन्ही बाजूंना खाचा पडल्या होत्या आणि लोहपंखाच्या पंखावरून एक पांढरी घडी आरपार गेली होती. इतकी वर्षं त्या अंकाला एक सुरकुती पडू दिली नव्हती दाजींनी. किंमत निम्म्यावर आली, हे त्याच्या डोक्याने न विचारता सांगितलं, आणि त्याला स्वतःच्या डोक्याची किळस आली. आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, ताईच्याच पेटीचा भाव आपण खोटं बोलून पाडला. ओली म्हणालो आपण. गरज तरी काय होती?

तो उठला आणि ताईच्या घराकडे चालू लागला. दार उघडंच होतं. पहिल्या खोलीत खाट उभी करून भिंतीला टेकवली होती, भांडी खोक्यांत गेली होती, आणि दाजींच्या फोटोच्या जागी भिंतीवर नुसता खिळा होता. ताई खोक्याला चिकटपट्टी लावत होती. मनगटाला जोर नको म्हणून पट्टी दातांनी तोडत होती. त्याच्या काखेतला गठ्ठा तिने पाहिला.

“तुझ्याकडेच आली का?” ती म्हणाली. “बरं झालं. मी म्हटलंच होतं तूच ने म्हणून.”

मख्खने गठ्ठा खिडकीत ठेवला. वाटेत जुळवून आणलेलं सगळं तो विसरला.

“ताई, मी खोटं बोललो. ह्यात एक अंक आहे. दाजी म्हणत होते ते खरं होतं.”

ताईने चिकटपट्टी खाली ठेवली. किती, असं तिने विचारलं नाही. तिने विचारलं, “तुला त्याच दिवशी कळलं होतं?”

“हो.”

ती खोक्यावर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मख्खला वाटलं. तो त्याची तयारी करून आला होता. मग तो भडाभडा बोलू लागला. अंक अजूनही चांगल्या भावाने जाईल, खाचा पडल्यात म्हणून थोडं कमी, पण तरी बरेच मिळतील, आपण आजच घरमालकाला भेटू, खोल्या ठेव म्हणून सांगू. ताईने हाताने थांबवलं. घरमालकाने परवाच दुसरं बिऱ्हाड ठरवलं होतं, आगाऊ रक्कम घेऊनसुद्धा झाली होती. ती माणसं कालच येऊन पडद्यांची मापं घेऊन गेली. चारला टेम्पो येणार होता.

“खोल्यांचं जाऊ दे,” ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. “तू गेलास त्या दिवसापासून मी ह्यांना बोलत होते रे. रोज. त्या फोटोसमोर उभी राहून. मला जन्मभर फसवलंत, म्हटलं मी. खुळे होतात, म्हटलं. पेटी हातगाडीवर चढवली तेव्हासुद्धा शिव्या घातल्या. आणि ते खरं बोलत होते.”

 मख्ख खाली मान घालून उभा राहिला. बाहेर कुणीतरी पाण्याची मोटर चालू केली, तिची घरघर खोलीभर भरली.

ताई उठली. बांधलेलं एक खोकं तिने उघडलं, कपड्यांच्या घड्यांमधून दाजींचा फोटो काढला, पदराने पुसला आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या इस्त्रीच्या फळीवर उभा केला.

“मला नको सांगू,” ती म्हणाली. “ह्यांना सांग.”

मख्खने सुतळीतून सुटलेला सातवा अंक उचलला. हात धुतलेले नाहीत हे त्याच्या लक्षात आलं. तो मोरीपाशी गेला, हात धुतले, रुमालाने कोरडे केले आणि परत येऊन फोटोसमोर उभा राहिला. पान कोपऱ्यातून उचललं. शेवटचं पान.

“दाजी,” तो म्हणाला, “ही इथेच होती. तुमच्याकडेच होती.” एवढंच त्याला जमलं. बाजारात कुणी कधी हलताना न पाहिलेला तो चेहरा पार विस्कटला, आणि तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. ताईने त्याला जवळ घेतलं नाही. पण रडू दिलं. मग तिने त्याच्या खांद्यावरून वाकून ती चौकट पाहिली, पाठमोऱ्या बाईची. बराच वेळ पाहिली.

“हिला तर तोंडसुद्धा दाखवलेलं नाही,” ती म्हणाली.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. तो ठरल्याच्या आधीच आला होता. मख्खने डोळे पुसले. सामान चढवून झालं की आपण हा अंक घेऊन जाऊ, चांगलं गिऱ्हाईक बघू आणि पैसे तिच्या हातात आणून ठेवू, असं तो सांगू लागला. ताईने त्याच्या हातातून अंक काढून घेतला. पुठ्ठा नव्हता, तेव्हा खोक्याचं एक झाकण फाडून तिने अंकाच्या मागे लावलं आणि तो फोटोबरोबर कपड्यांच्या घडीत ठेवला.

“राहू दे माझ्याकडे,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती नेहमीसारखंच बोलत होती. “भाव मी दुसऱ्या कुणाकडून तरी विचारून घेईन. तू आता ती खाट धर, मला उचलवत नाही.”

त्याने खाट उचलली आणि जिन्याकडे निघाला.